विपुलतेतील उपासमार आणि हेन्री वॉलेस

१९३३ सालच्या उन्हाळ्याच्या अखेरीस अमेरिकेच्या कृषिखात्याने सुमारे ६० लाख डुकराची पिल्ले विकत घेऊन मारली. त्याच्या थोडे आधी दक्षिणेकडील राज्यांत सुमारे एक कोटी एकरांवरील उभ्या कापसावर नांगर फिरविण्यात आला होता. शेतीमालाचे भाव इतके कोसळले होते की पीक काढून बाजारात नेण्याचा खर्चही निघत नव्हता. पुरवठा घटविल्याखेरीज भाव सावरणार नाहीत, असे सरकारचे गणित होते. गणित म्हणून त्यात चूक नव्हती. परंतु त्याच वर्षी देशातील सुमारे एक चतुर्थांश कामकरी बेकार होते आणि शहराशहरांतून पावासाठी रांगा लागत होत्या. मारलेल्या डुकरांपैकी सुमारे दहा कोटी पौंड मांस गरजूंना वाटण्यात आले हे खरे. पण लहान पिल्लांचा मोठा भाग खताकडे आणि चरबीकडे गेला, आणि लोकांच्या स्मरणात राहिली ती पिल्लांची कत्तलच.

हा निर्णय ज्यांच्या खात्याने घेतला ते कृषिमंत्री हेन्री अगार्ड वॉलेस. सहा वर्षांनी, १९३९ मध्ये, याच खात्याने याच मंत्र्याच्या कारकीर्दीत गरिबांसाठी अन्न-तिकिटांची, म्हणजे फूड स्टॅम्पची योजना सुरू केली. पुढे चालून ती एवढी विस्तारली की २०२४ साली सुमारे चार कोटी अमेरिकन रहिवासी तिच्या आधाराने बाजारहाट करीत होते. अन्न नष्ट करणारा मंत्री आणि अन्न पोहोचविणारा मंत्री ही एकच व्यक्ती होती, हा केवळ योगायोग नव्हे. अमेरिकेतील अन्नसाहाय्याचे सामर्थ्य आणि त्यातील उणिवा या दोहोंचे मूळ या एका गोष्टीत आहे.

वॉलेस घराणे उत्तर आयर्लंडातून आलेल्या स्थलांतरितांचे. आजोबा धर्मोपदेशक होते; प्रकृती साथ देईना म्हणून ते आयोवा राज्यात शेतीकडे आणि तेथून शेतीविषयक पत्रकारितेकडे वळले. ‘वॉलेसेस फार्मर’ हे शेतकऱ्यांत मान्यता पावलेले नियतकालिक या घराण्याचे. हेन्री यांचा जन्म ७ ऑक्टोबर १८८८ रोजी आयोवातच झाला. वडील एम्स येथील कृषिमहाविद्यालयात असताना तेथे शिकणाऱ्या एका कृष्णवर्णीय तरुणाने या मुलाला रानावनांतून हिंडवून गवतांची, फुलांची आणि बीजांची ओळख करून दिली. तो तरुण म्हणजे मराठी वाचकाला सुपरिचित असलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर.

त्या काळी मक्याच्या कणसांच्या स्पर्धा भरत. सर्वांत डौलदार, सरळ ओळींचे कणीस निवडायचे, त्याला बक्षीस द्यायचे आणि तेच बियाणे उत्तम मानायचे, अशी रीत होती. सोळाव्या वर्षाच्या आसपास वॉलेस यांनी बक्षीसपात्र आणि सामान्य अशी कणसे निवडून त्यांचे दाणे वेगवेगळ्या ओळींत पेरले आणि उत्पन्न मोजले. देखण्या कणसांचे उत्पन्न अधिक येते, असे काही आढळले नाही. दिसण्यावर न जाता मोजून पाहण्याची ही सवय त्यांनी पुढे अर्थशास्त्रातही नेली. शेतीमालाच्या किमतींवर १९२० साली प्रसिद्ध झालेले त्यांचे पुस्तक हा अमेरिकेतील संख्याशास्त्रीय किंमत-अभ्यासाचा एक आरंभीचा प्रयत्न मानला जातो. १९२५ मध्ये जॉर्ज स्नेडेकर यांच्यासह त्यांनी सहसंबंधाच्या गणनेवर एक पुस्तिका लिहिली. १९२६ मध्ये त्यांनी संकरित मक्याच्या बियाण्याची कंपनी काढली. तीच पुढे ‘पायोनियर’ या नावाने जगभर पसरली. येथे एक विसंगती नोंदविण्यासारखी आहे. ज्या माणसाने बियाण्याच्या द्वारे मक्याचे उत्पादन वाढविण्याचा मार्ग खुला केला, त्यालाच काही वर्षांत मक्याचे क्षेत्र कमी करण्यासाठी शेतकऱ्यांना पैसे द्यावे लागले.

वडील १९२१ ते १९२४ या काळात रिपब्लिकन पक्षाच्या राजवटीत कृषिमंत्री होते आणि पदावर असतानाच निवर्तले. मुलाने १९३२ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या रूझवेल्टना पाठिंबा दिला आणि १९३३ मध्ये तो वडिलांच्याच खुर्चीवर बसला. किमतींतील चढउतार शेतकऱ्याला कसे पिळून काढतात, हे त्यांनी वीस वर्षे आकड्यांत पाहिले होते. सुबत्तेच्या वर्षी सरकारने धान्य साठवावे आणि दुष्काळात ते बाहेर काढावे, ही कल्पना त्यांना फार प्रिय. तिचा धागा त्यांना एका चिनी विद्वानाच्या कन्फ्यूशियसप्रणीत अर्थविचारावरील प्रबंधात सापडला. हा प्रबंध १९११ साली कोलंबिया विद्यापीठात सिद्ध झाला होता. दोनच वर्षांनी त्या विद्यापीठात डॉ. आंबेडकर अर्थशास्त्राच्या अध्ययनासाठी दाखल झाले. वॉलेस यांच्या या कोठाराला १९३८ च्या शेतीकायद्यात स्थान मिळाले. आपल्याकडे ज्याला आपण बफर साठा म्हणतो त्यामागचे तत्त्व याहून निराळे नाही.

आता त्या कारकीर्दीतील सर्वांत कठोर प्रसंगाकडे वळले पाहिजे. कापसाचे क्षेत्र कमी करण्यासाठी जमीनमालकाला सरकारी रक्कम मिळे आणि तीतील वाटा त्याने बटईदारांना द्यावा अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात अनेक मालकांनी रक्कम घेतली, जमीन पडीक ठेवली आणि तिच्यावर राबणाऱ्या, बहुसंख्येने कृष्णवर्णीय पण गौरवर्णीयही, बटईदार कुटुंबांना हुसकून लावले. खात्यातील काही तरुण वकिलांनी, जेरोम फ्रँक हे त्यांचे प्रमुख, करारनाम्याचा असा अर्थ लावला की मालकाने तीच कुटुंबे ठेवली पाहिजेत. दक्षिणेतील जमीनदार आणि त्यांचे काँग्रेसमधील वजनदार प्रतिनिधी खवळले. फेब्रुवारी १९३५ मध्ये वॉलेस यांनी या वकिलांना काढून टाकण्यास संमती दिली. शेतीचा संपूर्ण कार्यक्रम त्या प्रतिनिधींच्या मतांवर अवलंबून आहे, हा त्यांचा हिशेब होता. तो समजण्यासारखा असला तरी त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांना मतदानाचा हक्कही बहुतांशी नव्हता. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस दक्षिणेच्या दौऱ्यात वॉलेस यांनी बटईदारांच्या झोपड्या पाहिल्या आणि ते हादरले. १९३७ मध्ये त्यांच्या खात्याखाली ‘फार्म सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन’ स्थापन झाले. लहान शेतकऱ्यांना कर्जे आणि फिरत्या शेतमजुरांसाठी छावण्या ही कामे त्याने केली. पण तोवर हजारो कुटुंबे घरदार मोडून रस्त्याला लागली होती.

१९३३ च्या कत्तलीनंतरच्या टीकेतून, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, अतिरिक्त शेतीमाल विकत घेऊन गरजूंना वाटण्यासाठी एक सरकारी महामंडळ स्थापन झाले होते. त्याची पद्धत साधी होती. गोदामापुढे रांग लावायची आणि त्या महिन्यात जे अतिरिक्त असेल ते पिशवीतून घेऊन जायचे. कधी घेवडा, कधी पीठ, कधी मोसंबीच्या जातीची फळे. घेणाऱ्याला निवड नाही, आणि सरकारी गोदामातून घरी जाताना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरा चुकविणेही नाही. किराणा दुकानदारांची तक्रार वेगळीच होती: सरकार फुकट वाटते, मग आमचे गिऱ्हाईक कोठे जावे? अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून मोठा दोष असा की फुकट पीठ मिळालेले कुटुंब पिठावरचा आपला खर्च वाचविते आणि तो पैसा भाड्याकडे, कोळशाकडे, मुलांच्या जोड्यांकडे वळविते. कुटुंबाचे त्यात भलेच होते. पण शेतीमालाची एकूण मागणी जेवढे वाटप झाले तेवढी वाढत नाही, आणि खात्याला तर ती वाढवायची होती.

या कोड्याचे उत्तर म्हणजे १६ मे १९३९ रोजी न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात सुरू झालेली तिकीट-योजना. रॉचेस्टर हे तयार कपड्यांच्या आणि छायाचित्रण-साहित्याच्या कारखान्यांचे शहर. इटालियन, पोलिश, ज्यू स्थलांतरितांच्या वस्त्यांनी भरलेले. योजनेचे प्रमुख मायलो पर्किन्स हे पूर्वी टेक्सासमध्ये पोती बनविण्याच्या धंद्यात होते. सरकारी मदत घेणाऱ्या कुटुंबाने आपण एरवी अन्नावर जेवढे खर्च करतो तेवढ्या किमतीची नारिंगी तिकिटे रोख पैसे देऊन विकत घ्यायची. प्रत्येक एक डॉलरच्या नारिंगी तिकिटांमागे ५० सेंटची निळी तिकिटे फुकट मिळत. नारिंगी तिकिटांवर कोणतेही खाद्य घेता येई. निळ्यांवर मात्र खात्याने ‘अतिरिक्त’ म्हणून जाहीर केलेलेच, म्हणजे लोणी, अंडी, पीठ, घेवडा, संत्री असे पदार्थ. दोन्ही तिकिटे नेहमीच्या किराणा दुकानात चालत. दुकानदार ती चिकटवून बँकेत भरी आणि पैसे घेई.

या रचनेतील चातुर्य दाद देण्यासारखे आहे. नारिंगी तिकिटांच्या सक्तीमुळे कुटुंबाचा जुना अन्नखर्च टिकून राही आणि निळी तिकिटे त्यात निव्वळ भर घालीत. दुकानदाराचा धंदा बुडण्याऐवजी वाढला, आणि ज्या दुकानदारांनी गोदामांविरुद्ध ओरड केली होती तेच आपल्या गावी योजना यावी म्हणून मागणी करू लागले. शेतकऱ्याच्या लोण्याला गिऱ्हाईक मिळाले. आणि गरीब बाई इतर बायकांप्रमाणे दुकानात उभी राहून, स्वतः पारखून अंडी घेऊ लागली. आपल्या शिधावाटपाने पुढे वेगळे दुकान, वेगळी रांग आणि बहुधा वेगळ्या प्रतीचे धान्य असा मार्ग पत्करला. अमेरिकेने १९३९ मध्येच गरिबाला सामान्य बाजारात आणले, हे श्रेय वॉलेस आणि पर्किन्स यांना दिलेच पाहिजे. योजना देशातील जवळजवळ निम्म्या काउंटींत, म्हणजे त्यांच्या जिल्ह्यांत, पसरली. एका वेळी जास्तीत जास्त ४० लाख लोक तिचा लाभ घेत होते. चार वर्षांत मिळून सुमारे दोन कोटी लोकांनी तो घेतला, आणि खर्च झाला २६ कोटी २० लाख डॉलर.

पण ज्याच्या हाती महिन्याच्या आरंभी रोख डॉलरच नाही, त्याने नारिंगी तिकिटे घ्यायची कशी? सर्वांत दरिद्री कुटुंब या पहिल्या पायरीवरच अडत असे. हा दोष कायद्याने दूर व्हायला १९७७ साल उजाडले. १९७९ च्या जानेवारीत तिकिटे विकत घेण्याची अट प्रत्यक्ष उठली, तेव्हा एकाच महिन्यात लाभार्थींची संख्या १५ लाखांनी वाढली. म्हणजे केवळ त्या अटीपायी किती लोक दाराबाहेर उभे होते ते दिसून आले.

दुसरा दोष अधिक खोल होता. तिकिटे कोणाला द्यायची हे स्थानिक मदतकार्यालयांच्या याद्यांवरून ठरे, आणि या याद्यांत नाव यायचे तर त्या राज्यात ठराविक काळ वास्तव्य झालेले असावे लागे. कापसाच्या पट्ट्यातून हुसकलेले बटईदार, दुष्काळाने आणि धुळीच्या वादळांनी उठलेले ओक्लाहोमाचे शेतकरी कॅलिफोर्नियात फळे तोडायला गेले, तेव्हा ते स्वदेशातच परके ठरले. त्यांतील काहींना कृषिखात्याच्याच धोरणाने बेघर केले होते, आणि त्याच खात्याच्या तिकिटांसाठी ते पात्र नव्हते. मेक्सिकोतून आलेल्या मजुरांची स्थिती तर याहून वाईट. १९३० च्या दशकात त्यांना लाखोंच्या संख्येने परत धाडण्यात आले, आणि त्यांत अमेरिकेतच जन्मलेले, म्हणजे कायद्याने नागरिक असलेलेही अनेक होते. ज्या १९३९ साली अन्न-तिकिटे निघाली त्याच साली सरकारी कामांवरून नागरिक नसलेल्यांना वगळण्यात आले. आणि तिकिटांची पात्रता बरीचशी या कामांशी जोडलेली होती. वास्तव्याच्या अटीच्या जोरावर मदत नाकारणे घटनाबाह्य आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरविले ते १९६९ मध्ये. पोटासाठी गाव सोडणाऱ्याचे नाव मूळ गावच्या यादीत राहते आणि नव्या गावच्या यादीत येत नाही, ही अडचण आपल्या ऊसतोडणी कामगाराला सांगावी लागणार नाही. महाराष्ट्र आणि गुजरात यांच्यात शिधापत्रिका परस्परांत चालविण्याचा प्रयोग सुरू व्हायला २०१९ साल यावे लागले.

१९४१ मध्ये वॉलेस उपाध्यक्ष झाले. युद्धामुळे बेकारी संपली, सैन्याला आणि मित्रराष्ट्रांना अन्न कमी पडू लागले, आणि १९४३ च्या वसंतात तिकीट-योजना बंद करण्यात आली. अतिरिक्त माल उरला नाही, हे कारण. भुकेले कोणीच उरले नव्हते असे नव्हे. वृद्ध, विधवा, शेतमजूर यांची संख्या काही थोडी नव्हती. पण योजना त्यांच्यासाठी नव्हतीच. ती लोण्यासाठी होती, आणि लोणी संपताच तीही संपली. त्याच १९४३ च्या मे महिन्यात मुंबई शहरात शिधावाटप सुरू झाले आणि त्याच वर्षी बंगालमध्ये लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. आपली अन्नव्यवस्था टंचाईतून जन्मली, त्यांची विपुलतेतून. म्हणून आपल्याकडे दुकान कायम राहिले आणि धान्य कमी पडले, तर तेथे धान्याचे ढीग राहिले आणि दुकान वीस वर्षे बंद राहिले.

वॉलेस यांच्या राजकीय जीवनाचा उत्तरार्ध थोडक्यात सांगता येईल. १९४४ मध्ये पक्षाने त्यांना वगळून ट्रूमन यांना उपाध्यक्षपदाची उमेदवारी दिली. रूझवेल्ट पुढील एप्रिलमध्ये वारले आणि जे पद त्यांच्याकडे आले असते ते ट्रूमन यांच्याकडे गेले. सोव्हिएत सैबेरियाच्या दौऱ्यात यजमानांनी सक्तमजुरीच्या छावण्या त्यांच्या नजरेआड ठेवल्या आणि ते फसले, हे त्यांच्या विवेकबुद्धीला भूषणावह नाही. कुलू खोऱ्यात राहणारे रशियन चित्रकार निकोलस रोरिक यांना त्यांनी भक्तिभावाने लिहिलेली पत्रेही विरोधकांच्या हाती लागली. १९४६ मध्ये ट्रूमन यांनी त्यांना मंत्रिमंडळातून काढले. १९४८ मध्ये त्यांनी तिसऱ्या पक्षातर्फे अध्यक्षपदाची निवडणूक लढविली. गोऱ्या-काळ्यांना वेगळे बसविणाऱ्या सभेत बोलणार नाही, हा त्यांचा निर्धार दक्षिणेत त्यांनी पाळला आणि त्यापायी अंडी व टोमॅटो अंगावर झेलले. १९३५ मध्ये ज्या दक्षिणेपुढे ते नमले होते तिच्यापुढे या वेळी ते उभे राहिले. मात्र मते पडली अडीच टक्क्यांहूनही कमी. त्यानंतर न्यूयॉर्क राज्यातील आपल्या शेतावर कोंबड्या आणि स्ट्रॉबेरी यांच्या नव्या जाती काढण्यात त्यांनी उरलेली वर्षे घालविली.

१९४० च्या अखेरीस मेक्सिकोला गेले असताना तेथील शेतकऱ्याला थोड्या मक्यासाठी किती राबावे लागते हे त्यांनी पाहिले होते आणि परतल्यावर रॉकफेलर प्रतिष्ठानाशी बोलणे केले होते. त्यातून १९४३ मध्ये जे संशोधन-कार्य उभे राहिले त्यात पुढे नॉर्मन बोर्लॉग आले आणि त्यांचा बुटका गहू १९६० च्या दशकात भारतात पोहोचला. अतिरिक्त धान्य परदेशी देण्याचा १९५४ चा कायदा, आपल्याकडे पीएल-४८० म्हणून ओळखला गेलेला, हाही १९३९ च्या विचाराचाच परदेशी विस्तार. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राच्या रेशन दुकानांतून मिळालेली ‘मिलो’ ही लाल अमेरिकी ज्वारी अनेकांना आठवत असेल. तिचे आणि मायलो पर्किन्स यांचे नाव रोमन लिपीत एकच आहे, हा मात्र निव्वळ योगायोग.

अध्यक्ष केनेडी यांनी १९६१ मध्ये तिकीट-योजना प्रयोगादाखल पुन्हा सुरू केली. सेंट लुईसच्या प्रतिनिधी लिओनोर सुलिव्हन यांच्या दीर्घ चिकाटीनंतर ऑगस्ट १९६४ मध्ये तिला कायद्याचे रूप आले. अतिरिक्त मालाचीच खरेदी करा ही अट आता गेली होती. वॉलेस तेव्हा स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य व्याधीने ग्रासले होते. १८ नोव्हेंबर १९६५ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले होते.

योजना कृषिखात्याकडेच राहिली आणि १९७३ पासून शेतीविषयक मोठ्या कायद्याचा भाग झाली. शहरी प्रतिनिधींनी शेतकऱ्यांच्या अनुदानाला मत द्यावे आणि ग्रामीण प्रतिनिधींनी तिकिटांना, ही देवाणघेवाण तिचे कवच ठरली. हे कवच स्थलांतरिताला मात्र लाभले नाही, कारण त्याचे मतच नव्हते. १९९६ च्या कायद्याने कायदेशीर रीतीने राहणाऱ्या बहुतेक परदेशीयांची पात्रता गेली. १९९८ मध्ये आधीपासून तेथे असलेली मुले, वृद्ध आणि अपंग यांना ती परत मिळाली, तर २००२ मध्ये मुलांना विनाअट आणि प्रौढांना पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर. २००८ मध्ये योजनेचे नाव बदलले. कागदी तिकिटांची जागा कार्डाने आधीच घेतली होती. जुलै २०२५ मध्ये पुन्हा कात्री लागली ती शेतीच्या कायद्यातून नव्हे, तर करकपातीच्या आणि अंदाजपत्रकाच्या कायद्यातून. निर्वासित आणि आश्रय मिळालेले परदेशी यांची पात्रता त्यात काढून घेण्यात आली.